दोन बोटं वाकडी भिंत

फाट्यावर बस आली तेव्हा आबांनी, माझ्या वडलांनी, माझ्या पिशवीतल्या भाकऱ्यांवर ओळंबा ठेवला. दोरीला बांधलेला तो पितळी गोळा. भिंत सरळ उभी आहे का ते गवंडी त्यानं बघतात. माय चिडली. लेकरू नोकरीला चाललंय, बांधकामाला नाही, म्हणाली. आबा म्हणाले, "कुठं बी राहा, रेघ सरळ ठेव." परभणीकडच्या आमच्या गावात आबांच्या हातची भिंत म्हटलं की लोक ओळंबा लावून बघतसुद्धा नसत.

तुम्ही गावात राहिलेले फोनवर विचारता, तिकडं मजा आहे ना. माझ्यासारखे इकडं आलेले विचारत नाहीत, त्यांना माहीत आहे.

मी नवी मुंबईत दिघ्याला चढावरच्या एका खोलीत राहिलो. लग्न ठरलं तेव्हा त्या एका खोलीत भिंत घालून दोन करायचं ठरलं आणि आबा गावाहून आले. शनिवारी विटा चढवल्या, रविवारी भिंत उभी केली, सोमवारी त्यांची परतीची बस. ती भिंत दोन बोटं वाकडी झाली. कॅलेंडर लावलं की खालून सुटून लोंबायचं. मी आणि सुजाता, माझी बायको, त्यावरून खूप हसायचो. आबांना मात्र कधी बोललो नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल असंच धरून चाललो होतो.

रबाळ्याला इलेक्ट्रिक पॅनेल बनवायच्या कंपनीत मी पेंट शॉपला आहे. रंग जिथं लागायला नको तिथं मास्किंग टेप मारायची, फवारा द्यायचा, टेप ओढायची. दिवसभर हेच. त्यातूनच चित्रांचा नाद लागला. प्लायवर टेप मारून चौकोन, पट्ट्या, त्रिकोण. नवी मुंबईत दुसरं आहे काय? सेक्टर म्हणजे चौकोन, खिडकी म्हणजे चौकोन, त्यावरच्या ग्रिलमध्ये पुन्हा चौकोन. कंपनीतली पोरं म्हणायची, टाइल्सचं दुकान टाकतोस काय रे? आता घणसोलीला राहतो, तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, एवढा हात आहे तर गेटवर दोन हंस काढून द्या ना. डोकं फिरतं. सोळा वर्षं झाली इथं येऊन, आणि मी काय बघतो ते एकाला सांगता येत नाही.

मग वाशीत एका हॉलमध्ये नव्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं, मी नाव दिलं. निवड करणाऱ्या मॅडम घरी आल्या आणि एकाच चित्रापाशी थांबल्या. ते दिघ्याच्या चढाचं होतं. पत्र्यांचे करडे चौकोन, ताडपत्रीचे निळे, सगळे काटकोनात, आणि मधोमध एकच विटकरी पट्टी, दोन बोटं कललेली. "बाकी सगळं कुणीही काढेल," त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तुमची आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खरं सांगतो, इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

आनंदाच्या भरात आबांना बोलावून घेतलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता, नजर नवी कोरी. चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला गेलो, सुजाता तिच्या कामाला. चार वाजता परत आलो तर आबा गॅलरीत ब्रश धूत बसलेले. सूतदोरीला नीळ लावून त्यांनी नवी रेघ मारली होती, माझीच टेप चिकटवली होती, माझ्याच डब्यांतला रंग मिळवून पट्टी सरळ केली होती. ओळंब्यात. जुन्या पट्टीचा मागमूस ठेवला नव्हता. काम म्हणून बघितलं तर एक नंबर.

मी नको ते बोललो. जन्मभर विटाच रचल्यात, तुम्हाला यातलं काय कळतंय, असं म्हणालो. कुणाला विचारून हात लावलात, असंही. आबा ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "ही आपली दिघ्याची भिंत ना? सोमवारची बस होती, घाईत गेली माझ्या हातनं. लोकं बघाय येणार म्हणलास. बापाची चूक कशाला रे टांगतो चारचौघांत?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण माझा राग गेला नाही, वाढला. आधी नुसता आबांवर होता, आता स्वतःवरही. वाशीच्या हॉलवर मॅडमनी सरळ पट्टी बघितली आणि सभ्यपणे सांगितलं, हे ते चित्र नाही. टेम्पोतून घरी घेऊन आलो. आबा दोन दिवस आधीच गावाला गेले होते. फोनवर त्यांनी विचारलं, आवडलं का लोकांना? हो म्हणालो.

दिघ्याची ती खोली पाडून तिथं आता चार मजले उभे आहेत. गावचं घर आबांनी बांधलेलं, पण मी तिथं सणापुरता. घणसोलीचा फ्लॅट भाड्याचा. कुणी घर कुठं विचारलं की मला ते लोंबणारं कॅलेंडरच आठवतं, आणि ते कुठल्या पत्त्यात बसत नाही. म्हणून ठरवलं, चित्र पुन्हा काढायचं. नवा प्लाय आणला. तर भिंत नेमकी कुठल्या बाजूला गेली होती तेच आठवेना. सुजाता म्हणते उजवीकडे, मी म्हणतो डावीकडे. शेवटी आबांनाच फोन लावला.

ते म्हणाले, "डावीकडं. चौथ्या थरापासनं सुटली." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "काढायचीच असंल तर नीट वाकडी काढ."

पाच वेळा टेप मारली आहे कालपासून. चौथ्या थरापर्यंत येतो आणि हात आपोआप ओळंब्यात जातो. पाचही वेळा सरळ आली, च्यायला.