सासूबाईंनी आणलेलं वटवाघूळ

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा हात हलका. त्यांनी पट्टी बांधली की पाखराला झोप लागते, असं डॉक्टर म्हणायचे, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या सकाळी कुणीतरी पंख दुखावलेला बुलबुल आणला. पाठोपाठ बाईंच्या सासूबाई धापा टाकत आल्या. तारेत अडकलेलं वटवाघूळ त्यांनी जाड टॉवेलात गुंडाळून आणलं होतं.

"आधी याला बघ गं, फार तडफडतंय."

"बघते, आई. तुम्ही जा निवांत."

सासूबाईंची पाठ वळताच बाईंनी टॉवेल खोक्यात घातला आणि खोकं कोठीत सरकवलं. ते उंदरासारखं तोंड, ते कातडी पंख. त्यांना शिसारीच यायची. बुलबुलाला मात्र त्यांनी ऊब दिली, केळं कुस्करून भरवलं. दुपारनंतर त्यानं शीळ घातली तेव्हा अख्खा दवाखाना गोळा झाला. खोकं आठवत नव्हतं असं नाही. उद्या बघू, म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं, "कसं आहे ते?"

"छान आहे की! खाल्लंसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सासूबाई पिकलेला पेरू घेऊन दवाखान्यात हजर. बाईंनी कोठीतलं खोकं आणून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी हातमोजे घालून खोकं उघडलं. वटवाघूळ केव्हाच मेलं होतं. मिटलेल्या पंखाखाली एक इवलंसं पिल्लू अजून त्याच्या छातीला लुचत होतं.

"बुलबुलाचं बरं असतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "घरट्यात दोन-तीन पिल्लं, आई गेली तरी बाप चारा भरवतो. हिला एका वेळी एकच, तेही अंगावरचं पिणारं. काल कुणी पाहिलं नाही का हिला?"



"मीच उशिरा आणलं हो," सासूबाई म्हणाल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. पुढे त्यांनी ते पिल्लू ड्रॉपरनं दूध पाजून, जिवाचं रान करून जगवलं. मोठं होऊन ते उडूनही गेलं. त्या दिवशी जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आई, तुझ्या वटवाघळाचं काय झालं गं?"

"तुझ्या बायकोनं पिल्लू वाचवलं त्याचं," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी वाढू लागल्या.

बाईंनी मान खाली घालून ताट पुढे केलं.