खालचा आवाज

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून मी सातव्या आठवड्यात बाहेर पडले. परीक्षकांनी कौतुक केलं, निवेदिकेनं जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरले. वडील मोटरसायकल घेऊन आले होते. माझी बॅग त्यांनी पुढं टाकीवर ठेवली आणि विचारलं, "जेवलीस का?"

कळसला आमच्या चौकात माझा फ्लेक्स अजून तसाच होता. माईक धरलेली मी, शेजारी मत कसं द्यायचं ते, आणि खाली ओळीनं गावातल्या पुढाऱ्यांचे फोटो. पारावर बसलेले एक आबा म्हणाले, "आली का पोरगी? असू दे, असू दे." त्या 'असू दे'नं मला हरल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

आमची डाळिंबाची बाग आहे. त्या दिवसांत फळांना कागद लावायचं काम चाललं होतं. मीही आईबरोबर जायला लागले. कामाला आलेल्या बायका विचारायच्या, ती निवेदिका खरंच एवढी गोरी हाय का, परीक्षक खरंच रडत्यात का. मी उत्तरं द्यायचे. पण मला आठवण यायची ती तिथल्या खोलीची. स्पर्धेत आम्ही तिघी एका खोलीत होतो. एक नागपूरची, एक कोल्हापूरची आणि मी. सेटवर सगळे आम्हाला गावाच्या नावानंच हाक मारायचे, मग आम्हीही एकमेकींना तसंच म्हणायला लागलो. कळस इंदापूर तालुक्यात, म्हणून मी झाले इंदापूर. तिघी एकापाठोपाठ एक बाहेर पडलो.

काही महिन्यांनी स्पर्धेच्या संगीत संयोजकांचा फोन आला. आम्ही त्यांना सर म्हणायचो. एका कंपनीला मुलींचा ग्रुप काढायचा होता, एकत्र गाणाऱ्या, एकत्र नाचणाऱ्या तिघी. "स्पर्धेत शेवटपर्यंत टिकलेल्या पोरींना एकटीनं गायचंय," सर म्हणाले. "तुम्ही तिघी आधीच एकत्र राहिलाय, भांडणं उरकली असतील."

पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. रोज सकाळी नाच, दुपारी गाणं. कोल्हापूरचा आवाज उंच आणि धारदार, म्हणून गाण्याची चाल तिच्याकडे. नागपूर तिच्याही वरून नाजूक आवाजात साथ द्यायची. मला सरांनी खालचा आवाज दिला. म्हणजे शब्द तेच, पण चालीच्या खालून, दुसऱ्या सुरांवरून जायचं.

"तू नसलीस तर गाणं पोकळ वाटेल," सर म्हणाले. "पण तू आहेस हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. चालेल?"

मी चालेल म्हणाले. मला वाटलं, पहिल्या गाण्यापुरतं असेल.

दिवाळीला घरी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बसून सराव करत होते. आई करंज्यांचं सारण भरत होती. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "ह्ये कसलं गाणं? ह्याला चालच न्हाय."

"चाल दुसरीकडं हाय आई. एक कोल्हापूरची मुलगी गाती ती."

"मग तुझ्याकडं काय हाय?"

मी तिला मोबाईलवर तिघींचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. तिनं मान डोलावली, पण मी कुठली ते तिला सापडलं नाही.

त्यातलंच एक गाणं चाललं. हळदीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, रिक्षात, सगळीकडे वाजायला लागलं. बारामतीत आमचा कार्यक्रम झाला तेव्हा कळसहून दोन टेम्पो भरून माणसं आली. शिट्ट्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर वडील स्टेजच्या मागं आले, पहिल्यांदाच मोकळेपणानं हसत होते. म्हणाले, "झकास झालं. तुझा आवाज त्यात कुठला व्हता?"

मी म्हणाले, "सगळ्यांच्या मधी व्हता."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी त्यांना कोल्हापूरबरोबर फोटो काढायला ओढून नेलं.

तरीही ती अडीच वर्षं माझी चांगली गेली, हे सांगितलंच पाहिजे. कोल्हापूर तिच्याकडच्या पद्धतीनं 'मी आलो, मी जेवलो' असं बोलायची. कंपनीच्या बाईंनी मुलाखतींसाठी तिला 'आले, जेवले' शिकवलं होतं. पण घरात पाय ठेवला की, "चला, मी भात टाकतो." नागपूर कपड्यांच्या घड्या घालता घालता गायची आणि आम्ही दोघी आपोआप आपापल्या आवाजात मिसळायचो. कुणी ठरवायचं नाही. मला शेंगा सोलताना खालचा आवाज लावायची सवय लागली, कारण वर चाल असायचीच.

मग नागपूरचं लग्न ठरलं आणि ती परदेशात गेली. तिच्या जागी मुलगी बघू, असं कंपनी म्हणत राहिली. एक दिवस कोल्हापूरनं चहा केला, माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "मला सिनेमात गाणं मिळालंय. पुढं मी एकटं गाणार म्हणतोय. तुला राग आला?"

"नाही," मी म्हणाले.

मला फार राग आला होता. तीन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही, आणि चौथ्या दिवशी ती सामान घेऊन गेली. कुकर मला ठेवला. मी त्यात एकटीसाठी भात लावायला लागले तेव्हा कळेना की किती लावायचा. रोज उरायचा.

माझा करार अजून शिल्लक होता, म्हणून कंपनीनं मलाही एकटीचं गाणं दिलं. पेपरात आलं, की मी ग्रुप सोडून स्वतंत्र वाट धरली. मी काहीच सोडलं नव्हतं. त्या दोघी गेल्यावर जी उरली ती मी. व्हिडिओचं शूटिंग माझ्याच तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर ठेवलं होतं. होडीत मी मधोमध, पिवळ्या साडीत, आणि डोक्यावर ड्रोन. काठावरून दिग्दर्शक ओरडून सांगायचा, हात पसर, हस. होडीवाला चित्रात दिसू नये म्हणून पाठीमागं वाकून बसला होता. मधल्या वेळात इंजिन बंद करून तो म्हणाला, "ताई, तुमी तीन जणी व्हता न्हवं? बाकीच्या कुठं गेल्या?"

"आपापल्या कामाला."

"मग आता समदं तुमालाच म्हणायचं?"

"व्हय."

त्यानं पाण्याकडं बघितलं आणि पुन्हा वाकून बसला. गाणं फारसं चाललं नाही. करार संपल्यावर कंपनीकडून फोन यायचे बंद झाले.

पुण्यात राहण्यासारखं काही नव्हतं आणि कळसला परत जायचं नव्हतं, म्हणून बारामतीत एक खोली घेतली. सकाळी लहान मुलांना गाणं शिकवते. कार्यक्रम मिळतात: हळदी, वाढदिवस, बचत गटांचे मेळावे. सोमेश्वरनगरचे एक कीबोर्डवाले काका त्यांच्या गाडीत स्पीकर घालून माझ्याबरोबर येतात. जाहिरातीत माझ्या नावाआधी ग्रुपचं नाव असतं, नाहीतर कुणी ओळखत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी तेच गाणं म्हणायला लावतात.

सोमेश्वरनगरलाच महिलांच्या मेळाव्यात ते पहिल्यांदा बिघडलं. कडवं मी चालीत म्हटलं. ध्रुवपद आलं आणि माझा गळा आपोआप खाली उतरला, माझ्या जुन्या वाटेवर. माझ्या कानात तर वरचे दोन्ही आवाज चालू होते. समोर मात्र नुसता खालचाच जात होता. टाळ्या वाजवणाऱ्या बायका थांबल्या. पहिल्या रांगेतली एक दुसरीला म्हणाली, ते मला माईकवरून ऐकू आल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं, "ही ती न्हाय वाटतं."

काकांनी परतताना गाडीत विचारलं, "चाल विसरला का?"

"नाही. चाल माझी नव्हती कधी."

"म्हंजी?"

मी त्यांना समजावायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रांगत होती, ते पुढं बघत होते.

त्यानंतर वर्षभरानं कोल्हापूरचा कार्यक्रम बारामतीत ठरला. आता तिचं नाव मोठं झालं होतं. तिचा मेसेज आला: "दुपारी चारला आवाजाची तपासणी हाय. ये. संध्याकाळी गर्दीत बोलता येणार नाही." त्याच संध्याकाळी माझी लोणी भापकरला हळद होती. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले.

मैदानावर हजारो खुर्च्या मांडलेल्या आणि एकही माणूस बसलेलं नाही. ऊन होतं. ती स्टेजवर उभी राहून गात होती, आमचं तिघींचंच गाणं, आणि तिच्या मागं दोन नव्या मुली नाचत होत्या, गात नव्हत्या. मला बघून ती खाली आली. बारीक झाली होती. आम्ही एकमेकींच्या घरच्यांची चौकशी केली, नागपूरला मुलगी झाली ते बोललो.

मग मी विचारलं, "एकटीनं जमतं तुला?"

तिनं कानातून ते छोटं यंत्र काढलं. मोठ्या स्टेजवर गायकाला वाद्यं त्यातूनच ऐकू येतात. माझ्या हातात देऊन म्हणाली, "घाल." आणि आवाज बघणाऱ्या माणसाला खूण केली.

मला वाटलं वाद्यं ऐकू येतील. आलं ते वेगळंच. खालचा आवाज, माझा, नुसता. वर चाल नाही, बाजूला कुणी नाही. चार-पाच वर्षांपूर्वी पुण्यातल्या स्टुडिओत गायलेला. मध्ये एके ठिकाणी मी श्वास चुकले होते, तोही तसाच होता.

"सरांकडून मागून घेतला," ती म्हणाली. "हा नसला की मला पाय ठेवायला जागा नाही मिळत. बाहेर सोडत नाही, फक्त माझ्या कानात असतो. तू नाही म्हणालीस तर बंद करतो."

तिच्या डोळ्यांतलं पाणी उन्हामुळं होतं की कशामुळं, सांगता येत नाही. मला बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी फार एकटंही वाटलं. माझा आवाज तिच्याबरोबर मी न बघितलेल्या शहरांत जात होता, आणि तिथं तो एकाच माणसाला ऐकू येत होता.

"राहू दे," मी म्हणाले. यंत्र पुसून तिला परत दिलं.

ती कार्यक्रमाला थांब म्हणाली. मी हळदीचं सांगितलं. ती हसली नाही, "जा मग, उशीर करू नको," म्हणाली, एखाद्या कामावरच्या बाईनं दुसरीला म्हणावं तसं.

लोणी भापकरला जाताना मी काकांना सांगितलं, "आज ते गाणं चार सूर खाली घ्या."

"चार? पार पुरुषी वाटंल."

"वाटू द्या."

मांडवात नवरदेवाला पाटावर बसवलं होतं, पोरी आधीच नाचायला उभ्या होत्या. खालच्या पट्टीत चाल माझ्या गळ्याला पहिल्यांदा नीट बसली. ध्रुवपदाला गळा घसरला नाही, कारण आणखी खाली जायला जागाच नव्हती. कानातले वरचे दोन आवाज मात्र नव्हते. त्यांच्याशिवाय गाणं उघडंबोडकं लागत होतं. मी गात राहिले. पोरी नाचत राहिल्या, कुणाला काही वेगळं जाणवलं नाही.

गाणं संपलं तेव्हा नवरदेवाची आई हळदीच्या हातांनीच पुढं आली.

"ताई, जरा परत म्हणा ना त्येच. आमची धाकटी जाऊ आत्ता पोचली."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "पट्टी वर घेऊ का आता?"

"नको," मी म्हणाले, "हीच ठेवा." आणि पहिल्यापासून सुरू केलं.