आप्पांना काढण्याचा ठराव

त्या वर्षी आमच्या गावचा फुटबॉल संघ इतका हरत होता की समोरचे लोक आमच्याविरुद्ध आपले राखीव खेळाडू उतरवायचे, आणि तेही जिंकायचे. पहिला गोल बसला की आमच्या पोरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसायचं. आता निदान कधी बसतोय याची वाट बघायला नको.

संघाचे कोच माझे वडील, म्हणजे आप्पा. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं. त्यानंतर त्यांनी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम केलं. तिथूनही निवृत्त झाले तेव्हा गावच्या मंडळाने संघ त्यांच्या हवाली केला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

आप्पांची पद्धत साधी होती. पहाटे साडेपाचला मैदानावर यायचं आणि पळायचं. चेंडू दिसला की पोरं पळायचं विसरतात, म्हणून चेंडू शेवटी. बहुतेक वेळा शेवट यायच्या आधीच पोरांची कामावर जायची वेळ व्हायची. त्यामुळे आमचा संघ जिल्ह्यात सगळ्यात जास्त पळणारा आणि चेंडूला सगळ्यात कमी ओळखणारा संघ झाला होता. पोरं मोबाइलवर परदेशातले सामने बघत आणि येऊन आप्पांना प्रेसिंगबद्दल, म्हणजे चेंडूसाठी समोरच्यावर तुटून पडण्याबद्दल, विचारत. आप्पा म्हणत, “आधी बुटाची लेस बांध.”

मी बेळगावात शाळेत शिकवते, गावातूनच बसने जाते-येते. लीगचा सगळा पत्रव्यवहार कन्नड आणि इंग्रजीत चालतो, तो मंडळाने माझ्या गळ्यात टाकला होता. म्हणून कमिटीच्या बैठकीला मी असायची. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली आणि अध्यक्षांनी घसा साफ केला, तेव्हा विषय काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

“मेजरांचा मान राखूनच बोलतो,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि कुणाला न दुखवता बोलण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं आहे. “माणूस सोन्यासारखा हाय. पण संघ लई हरालाय.” मग एकेकाने मत दिलं. एक म्हणाला, बघू या. दुसरा म्हणाला, विचार करायला पाहिजे. तिसऱ्याने दोघांनाही पाठिंबा दिला. शेवटी अध्यक्षांनी रीत म्हणून मला विचारलं.

“काढा,” मी म्हणाले.

एक आजोबा हळूच म्हणाले, “पोरीनं असं बोलू न्हाय गं.” पण मला खरंच तसं वाटत होतं. आप्पा माणूस म्हणून कितीही चांगले असले तरी संघ त्यांच्यामुळे हरत होता, आणि मला त्या पोरांची दया येत होती. ठराव झाला. माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यांच्या सोयीचं होतं, त्यामुळे तो एकमताने झाला.

प्रश्न राहिला तो सांगायचं कुणी याचा. रविवारी अध्यक्ष आणि आणखी दोघे इस्त्रीचे कपडे घालून आमच्या घरी आले. ते का येताहेत हे मी आईला आधीच सांगितलं होतं. तिने कढई चुलीवर ठेवली. आमच्याकडे एखाद्याच्या घरचं खाल्लं की त्याच घरात बसून त्याला वाईट बोलता येत नाही. तोंडावर बोलायचं असेल तर चहासुद्धा न घेता बोलावं लागतं. आई हे पक्कं ओळखून होती.

“मेजर, एक बोलायचं हुतं,” अध्यक्षांनी सुरुवात केली.

“आधी खाऊन घ्या,” आई म्हणाली आणि पोहे आले.

पोह्यांनंतर चहा आला, चहानंतर गोड म्हणून कुंदा. अध्यक्ष पुन्हा तोंड उघडणार तोच आईने भाकरी टाकायला घेतल्याचा आवाज आला. तिघेही जेवून उठले. दारात चपला घालताना अध्यक्षांनी आप्पांचा हात हातात घेतला. “काय न्हाय मेजर,” ते म्हणाले, “मैदानावर गवात लई वाढलंय, एवढंच सांगायचं हुतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांनी अख्ख्या संघाकडून गवत काढून घेतलं. त्या आठवड्यात पोरं पळलीसुद्धा नाहीत. शनिवारी आम्ही पुन्हा हरलो, मात्र मैदान पाहुण्यांना आवडलं.

मग अध्यक्षांच्या डोक्यात सत्काराची कल्पना आली. माणूस कामावरून जाताना त्याचा सत्कार करतात, म्हणजे सत्कार केला की माणूस जाईल, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला नाही, पण पत्रिकेचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडेच आलं. चौकात आप्पांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. शाल, श्रीफळ, हार, फेटा आणि फळांची करंडी असा सगळा थाट झाला. वक्त्यांनी आप्पांना उर्वरित आयुष्य सुखाचं आणि विश्रांतीचं जावो, अशा शुभेच्छा इतक्या वेळा दिल्या, की मागे बसलेल्या एका बाईने मला विचारलं, “आप्पांची तब्येत बरी हाय न्हवं?”

आप्पा उत्तर द्यायला उभे राहिले. फेटा जरा सैल बांधला गेला होता, तो त्यांनी एका हाताने धरला.

“सगळी म्हणत्यात विश्रांती घ्या,” ते म्हणाले. “पण संघ असा हराय लागल्यावर विश्रांती घेणारा माणूस मी न्हवं. तुम्ही एवढा विश्वास दावलासा, आता सोडून जाणं बरं दिसत न्हाय. पोरानू, उद्या साडेपाचला.”

टाळ्या वाजल्या. अध्यक्ष माइकच्या शेजारीच उभे असल्यामुळे त्यांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या ऐकू आल्या.

दोन दिवसांनी ते मला बस स्टॉपवर भेटले. “आता तूच सांग गं बाई,” ते म्हणाले. “आमच्यानं न्हाय व्हयाचं.” मला त्यांचा रागच आला. त्याहून जास्त राग आप्पांचा आला. एवढी सरळ गोष्ट या माणसाला कळू नये? त्याच संध्याकाळी मी परसात गेले. आप्पा दोरीवर संघाच्या बनियनी वाळत घालत होते.

“आप्पा, तो सत्कार तुम्हाला काढायसाठी केलता,” मी म्हणाले.

“ठाव हाय की.”

“कधीपासनं?”

“ती तिघं आलती तवापासनं. इस्त्री करून गवात वाढलंय सांगाय येत्यात व्हय माणसं?” त्यांनी एक बनियन झटकून सरळ केली. “तू ‘काढा’ म्हणालीस त्ये बी कळलंय. बरोबर बोललीस. मला त्ये नवीन खेळणं कळत न्हाय.”

“मग सोडत का न्हाय तुम्ही?”

आवाजात रडगाणं अजिबात नव्हतं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं ते बोलले. “पलटणीनं हार घालून घालवलं. कारखान्यानं बी हार घातला. आता ह्येनी घातला. पर चारला जाग येती गं मला. उठून जायाचं कुठं?”

मी त्यांची मुलगी, एकाच घरात राहते, आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी टोपलीतली एक बनियन उचलली आणि त्यांच्या शेजारी वाळत घालू लागले. ती मी उलटी घातली होती, ती त्यांनी काढून परत घातली.

माझं मत बदललं नव्हतं. संघाला दुसरा माणूस हवाच होता. सकाळी अध्यक्ष स्टॉपवर माझ्या आधी येऊन उभे होते.

“सांगितलंस?”

“सांगितलं. पोरांसाठी नवा कोच बघा, आप्पांची हरकत न्हाय.”

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत मी म्हणाले, “आणि सोमवारपासनं साडेपाचला तुम्ही मैदानावर यायचं. कमिटीतल्या सगळ्यांनी. मैदानाचा पलीकडचा अर्धा भाग आप्पांचा.”

“आमी? कशाला?”

“पळायला. पोटं बघा की सगळ्यांची.”

“मेजर असं म्हणाले?”

“व्हय,” मी म्हणाले. आप्पा यातलं एक अक्षरही बोलले नव्हते.

अध्यक्षांनी पोटावरून हात फिरवला. या माणसाने आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं, आणि आता ती सवय माझ्या कामाला आली. बस वळणावर दिसली तेव्हा ते म्हणाले, “माझ्याकडं बूट न्हाईत गं.”

“सोमवारला अवकाश आहे,” मी म्हणाले आणि बसमध्ये चढले. आप्पांना काय ते मी रविवारी सांगितलं. ते हूं म्हणाले.

सोमवारी मी शाळेला निघायच्या गडबडीत होते तेव्हा आप्पा मैदानावरून परतले. त्यांनी पायऱ्यांवर बसून बूट काढले, मोजे झटकले आणि आत आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “अध्यक्षाचा दम एका फेरीत गेला. बाकीची त्याच्यापरीस कच्ची हाईत.”

“मग आता?” आईने आतून विचारलं.

“आता काय,” आप्पा म्हणाले, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. “लई वर्षं लागत्यात आता.”