उपाशी वाकळा

उपक्रम, सक्षमीकरण असले शब्द ऐकले की मला आता शिसारी येते. सोलापुरात कॉमर्स शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली, त्यामुळे ते रोजच कानावर पडतात.

आमच्या कॉलेजच्या पोरापोरींनी वैरागजवळच्या एका गावातल्या बायकांना वाकळा विकून द्यायचं ठरवलं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर घालून हातानं शिवलेली गोधडी. गळ्यात ओळखपत्रं, हातात बॅनर, अशी आमची वरात गावात गेली. कुणी वाकळ उलटून बघायच्या आत रील काढून झालं. एका पोरीनं तर शिवणाऱ्या मावशीला सांगितलं, "मावशी, जरा थकल्यासारखं बघा ना." मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि सांगितलं तसं बघितलं.

एरवी ती असलं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण तिची सून पोटुशी होती. मुलगा दसरा झाला की माळशिरसकडं ऊसतोडीला जायचा, आणि तिथं नवराबायकोची जोडीच लागते. "ह्या वाकळा खपल्या, फुडचं काम मिळालं, तर पोरगा हितंच ऱ्हाईल म्हनतोय," तिनं मला चुलीपुढं सांगितलं. "न्हायतर तिला तशीच घिऊन जाईल की ओ बाई."

दसऱ्याच्या तोंडावर कॉलेजच्या हॉलात प्रदर्शन भरलं. मी मावशीला एसटी स्टँडवरून घेऊन आले, तर टेबलावर सगळ्या वाकळांचे कोपरे उसवलेले. एक पोरगी हातमोजे घालून कात्री चालवत होती आणि शेजारी वर्तमानपत्रावर वाळक्या भाकरीच्या तुकड्यांचा ढीग.

"मॅडम, आत चक्क शिळी भाकरी होती," ती नाक मुरडून म्हणाली. "पाहुण्यांच्या हाताला लागली असती तर? आम्ही सगळं क्लीन केलंय."

वाकळ शिवून होत आली की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा घालतात. तिला घास भरवायचा, उपाशी ठेवायची नाही. उपाशी वाकळ ज्याच्या घरात जाते त्याच्या घरात अन्न टिकत नाही म्हणतात. हे त्या भवानीनं कुणाला तोंड उघडून विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायला वेळ कुणाला? फुगे लावायचे होते.

मावशीनं तो ढीग बघितला आणि एकेक वाकळ घडी घालून उचलायला लागली.

"मावशी, बिस्किट घातलं तर चालेल का?" एकानं विचारलं. "कँटीनमधून आणतो."

तो खरंच मदत करत होता, हेच जास्त ओंगळ वाटलं. मी त्याला बाहेर हाकललं आणि मावशीला म्हटलं, "मी घरून ताजी भाकरी आणते. पुन्हा भरवा."

"तोंडातला घास काडून घेतल्यावर परत घालून काय व्हतंय?"

मग मात्र मला तिचाही राग आला. "अहो, गिऱ्हाइकाला काय कळतंय? विकून मोकळ्या व्हा. सुनेकडं बघा जरा."

"तिच्याकडंच बघतीय न्हवं," ती म्हणाली. "घरात पोटुशी पोर हाय, आन् मी लोकाच्या घरात उपास धाडू? लागंल कुनाला त्ये?"

कपाळ माझं! सगळं गाठोडं परत एसटीत चढवून दिलं. हॉलात पाहुण्यांनी फीत कापली, मोकळ्या टेबलापुढं भाषण ठोकलं, आणि उपक्रम यशस्वी झाला असं जाहीर झालं. कुणाला लाज वाटली नाही.

थंडीत आमच्यातल्या एका हुशार प्राध्यापकाला साक्षात्कार झाला की तो भाकरीचा घास म्हणजे फार सुंदर स्टोरी आहे, शहरातले लोक त्यावर उड्या मारतील. पुन्हा तीच वरात गावात. मावशीच्या दाराला कुलूप.

"समदी गेली की उसाला," शेजारीण म्हणाली. "म्हातारी जानार नव्हती. पर बाळातपन फडातच व्हायचं, मग सुनंजवळ कोन? म्हून तीबी गेली."

एवढ्या लांब आलोच आहोत तर म्हणून पोरांनी त्या दारापुढं बॅनर धरून हसत फोटो काढला.