ऐकलेलं जंगल

आमच्या काकांइतकं जंगल ज्यानं ऐकलंय असा माणूस अख्ख्या तेलंगणात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं कमी जंगल ज्यानं पाहिलंय असाही नाही. काका म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. जंगल खात्याच्या हैदराबादच्या ऑफिसात ते वायरलेसवर बसायचे. सबंध नोकरी एका खुर्चीत, समोर एक खरखरणारं यंत्र आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तिकडं आदिलाबादच्या सागातून कुणीतरी धापा टाकत ओरडायचं, "आग लगी साब, ओव्हर," आणि इकडं चिक्कडपल्लीहून डबा घेऊन आलेले काका इस्त्रीचा शर्ट सावरत विचारायचे, "कित्ती लगी? हवा किधर की है? ओव्हर."

त्या 'ओव्हर'नं काकांना जन्माचं धरलं. ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला. चहा मागताना ओव्हर, भाजीवाल्याशी घासाघीस करताना ओव्हर. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाचा हात धरून म्हणाले, "पोरगी तापट आहे, सांभाळून घ्या. ओव्हर," आणि तो बिचारा "हो" म्हणेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. विहारात वंदना संपली की डोळे मिटूनच पुटपुटतात, ओव्हर. तिथं मात्र उत्तराची घाई करत नाहीत.

नारायणगुड्यात कुणी पाचोळा पेटवला की आमच्या गल्लीत काका नाक वर करून वाऱ्याची दिशा सांगणार. घरात अगरबत्तीसुद्धा पाण्यानं भरलेल्या ताटलीत उभी. दिवाळीत फटाक्यांची माळ लागली की हा गृहस्थ न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून बसतो. आम्ही पोरं खूप हसायचो. बांबूचं बेट पेटतं तेव्हा पेरन् पेर असंच फुटतं आणि ते त्यांनी यंत्रातून वर्षानुवर्षं ऐकलंय, हे मला फार उशिरा कळलं. मग नाही हसले.

उन्हं उतरली की काका गच्चीवर सतरंजी टाकून, तोंडावर रुमाल घेऊन पडायचे आणि मला जंगल सांगायचे. सगळं आवाजातलं. गवत जळतं तेव्हा कसं, साग जळतो तेव्हा कसं, आग ओढा ओलांडते तेव्हा माणसाचा आवाज कसा बारीक होतो. खालून रिक्षावाल्यांची भांडणं ऐकू यायची आणि रुमालाखालून मैलच्या मैल जंगल यायचं. ऐकता ऐकता मलाही गुंगी चढायची. "पावसाळ्यात दुसरीच बातमी," ते म्हणायचे. "अळी पडली साब, पत्ता पत्ता छलनी हो गया. पूर्वी कसं, होळी झाली की आगी सुरू. पुढं पुढं संक्रांत सरली की यंत्र खरखरायला लागलं. पाऊस येईल तेव्हा येणार, अळी त्याच्या आधी हजर. ऋतूंनी टाइमटेबलच फाडून टाकलं बघ." एकदा मी विचारलं, "मग पुढं काय व्हायचं हो त्या जंगलांचं?" काकांनी रुमाल काढला. "ते कुणी सांगतच नाही ना. आग लागली सांगतात, विझली सांगतात. जंगल परत आलं म्हणून कोण वायरलेस करतंय?"

त्यातली एक टेकडी तर काकांच्या उरावरच बसली होती. नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात तिथला चौकीदार दिवसभर आगीची खबर देत होता आणि संध्याकाळी नुसतं "सब गया साब" म्हणाला. ओव्हर म्हणालाच नाही. काका बटण दाबून हाका मारत राहिले, पलीकडून नुसती खरखर. माणूस सुखरूप आहे एवढं दुसऱ्या दिवशी कळलं. मग त्याची कुठंतरी बदली झाली, काका रिटायर झाले आणि टेकडीचं काय झालं ते कळायचं राहून गेलं. मी नेते म्हटलं की ऊन आहे, पाऊस आहे, गुडघे आहेत, मावशीचं बीपी आहे. माझं बीपी मध्ये आणू नका, असं मावशीनं ठणकावून सांगितलं आणि मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "त्यांना भीती वाटते गं. जाऊन बघितलं आणि नसलंच आलं काही परत, तर?"

शेवटी गेल्या भाद्रपदात तिनंच दशम्या बांधल्या आणि त्यांना माझ्या गाडीत बसवलं. वाटभर सगळीकडं हिरवंगार, काका खिडकीला नाक लावून. वळण घेतलं आणि टेकडी दिसली. ऐन पावसाळ्यात अख्खी तपकिरी. "परत जळली," काका म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. उतरायलाच तयार होईनात. मी चिडून एकटीच वर चढले, एक पान तोडून आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. पान कसलं, नुसत्या शिरा. काकांनी ते उजेडात धरलं. "छलनी," म्हणाले. इतकी वर्षं ऐकलेला शब्द पहिल्यांदा हातात आला होता. "अगं, ही आग नाही. ही अळी."

मग उतरले. काळ्या पडलेल्या खोडांच्या बुडातून सागाचे नवे धुमारे उठले होते, आमच्या डोक्याच्याही वर गेलेले. अळीनं त्यांचीही पानं खाल्ली होती आणि तरी शेंड्याला नवी पालवी होती. मी एक कोवळं पान चुरगळलं तर बोटं लाल झाली. मधल्या मोकळ्या जागा घाणेरीनं आणि गवतानं भरल्या होत्या. काका डोळे मिटून उभे राहिले, कान देऊन. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बांबू?"

"नाही दिसत, काका."

"म्हणजे तो नाही आला." त्यांनी गवतावरून हात फिरवला. "वेगळंच आलंय गं. पण आलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांच्या जुन्या ऑफिसच्या गेटवर न्यायला लावलं. गेटवरचा वॉचमन नवा होता, त्यानं काकांना ओळखायचं कारण नव्हतं. काका ताठ उभे राहिले. "अंदर बोल देना, वो पहाड वापस आ गया."

"कौनसा पहाड, साब?"

"जला था वो. बांबू नहीं आया. बाकी आया, थोडा अलग आया. ओव्हर."

वॉचमननं माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. "हौ साब, बोल देतूं," म्हणाला. भला माणूस.

गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता स्वारी खुशीत असेल. काका समोर बघत होते. "त्या चौकीदाराला कळायला हवं होतं गं," एवढंच बोलले. मी ओव्हरची वाट बघत गाडी सुरू करायची थांबले. ते आलंच नाही.