मंगलला बदली पाहिजे

दवाखान्यात कापूस संपतो, औषधं संपतात, किस्से मात्र संपत नाहीत. त्यातही ट्रेनिंगचे किस्से तर विचारूच नका! आमच्या ट्रस्टचे दवाखाने दोन, एक दौंडला, एक शिरूरला. मी दौंडची सिस्टर. आम्हाला पुढचं शिकवायचं असं ट्रस्टच्या दर सभेत ठरायचं आणि चहाबरोबर विरून जायचं.

*

एकदा कॉम्प्युटर शिकवायचं ठरलं. पुण्याहून सर आले, कॉम्प्युटर आलाच नाही. सरांनी फळ्यावर खडूनं की-बोर्ड काढला आणि आम्ही बोटांनी हवेत टाइप केलं. पुढं कॉम्प्युटर आला, तो थेट मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली. हात कधी लावायचा म्हणून मी विचारलं.

"सिस्टर, कव्हर काढलं की धूळ बसते," साहेब म्हणाले.

*

मग 'कामाचा ताण कसा घालवावा' या विषयावर शिबिर झालं, तेही आमच्या सुट्टीच्या दिवशी! नाईट करून आलेल्या शोभाला पाहुण्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. ती खुर्चीतच घोरायला लागली. पाहुणे खूश. म्हणाले, बघा, लगेच फरक पडला!

*

हीच शोभा आठवडाभर ट्रेनिंगला गेली, तेव्हा राहू गावचे एक आबा सुनेला दाखवायला आले. सुनेचं बाळंतपण शोभानं केलेलं, म्हणून तिलाच शोधत होते. शिकायला गेल्यात, असं मी कौतुकानं सांगितलं. आबांचा चेहरा उतरला.

"अजून शिकत्यातच व्हय? मंग आमच्या सुनंवर हात बसवला का काय त्यांनी?"

*

पण खरं शिकायचं होतं ते मंगलला. कमी वजनाचं, निळं पडलेलं बाळ आलं की डॉक्टर आधी तिला हाक मारायचे. अशी बाळं आम्ही पुण्याला धाडायचो आणि काही वाटेतच जायची. ते तिला सहन व्हायचं नाही. पुण्यात या बाळांच्या देखभालीचा सहा महिन्यांचा कोर्स होता. तो केला की अशा बाळांसाठी आमच्याकडेच खोली निघणार होती, आणि ती मंगलच्या हातात.

दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी साहेब म्हणायचे, "मंगलबाई, तुमच्यावाचून अडतं हो."

मग इतर कोर्सेसना पाठवायचं कोणाला? जिच्यावाचून अडत नाही तिला! मी दोन कोर्स केले ते असे.

कोर्सला वयाची अट होती आणि मंगलचं ते शेवटचं वर्ष. खूप मागं लागल्यावर साहेब म्हणाले, तुमच्या जागी बदली बाई आणा, सोडतो. मंगलनं तळेगाव ढमढेऱ्याची एक नर्स गाठली, सहा महिन्यांसाठी तयार केली, आणि ऑफिसात क्लार्क आप्पांना सांगून आली.

"आप्पा, मला ट्रेनिंगसाठी बदली पाहिजे. साहेब व्हय म्हणल्यात."

आप्पांनी जन्मात पहिल्यांदा काम झटपट केलं. पंधरवड्यात मंगलची शिरूरला बदली झाली!

आम्ही डोक्याला हात लावला. साहेब म्हणाले, ऑर्डरवर ट्रस्टींची सही झाली, आता काही होत नाही. शिरूरच्या वाट्याची कोर्सची जागा आधीच भरलेली होती आणि दौंडची त्या वर्षी रिकामीच गेली. कोर्सच नाही म्हटल्यावर तळेगावची नर्सही आली नाही. मला इतका संताप आला की मी आप्पांना दारात गाठून झाडलं. ते शांतपणे म्हणाले, "बाईनं मागितली तीच दिली की."

दिवाळीनंतर मंगल राहिलेलं सामान न्यायला दौंडला आली. आम्ही दोघी साहेबांच्या केबिनबाहेर चहा घेत उभ्या होतो. दार उघडंच होतं. आत एक ट्रस्टी साहेबांना विचारत होते, मंगलबाईंच्या जागी अजून कोणीच दिलं नाही, मग वॉर्डाचं कसं काय?

साहेब मोकळं हसले.

"अडतंय कुठं? चाललंय की."