कमलबाईंचा उघडा कान

केनवडहून निरोप आला तेव्हा मी परसात मेथीच्या जुड्या बांधत होते. कमलबाई गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे गेल्या होत्या, सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि... संपलं. हातातली जुडी तेवढी बांधली आणि मुलीला घेऊन निघाले.

आता महिना होत आला. मंगरूळपीरच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी गणित. बरीच वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला. गोड बोलणं दोघींनाही येत नसे, म्हणूनच जमलं असावं. त्यांचा पदर कायम डाव्या कानावरून घेतलेला असे. मी कधी विचारलं नाही. शरीराचा धडा आला की त्या मुलींना नाकाचा शेंडा हलवायला लावत, गळ्यावरून बोट फिरवून श्वासनळीच्या कड्या चाचपायला सांगत. “हे हाड नाही, कूर्चा आहे. आईच्या पोटात आपली बहुतेक हाडं आधी अशीच असतात. तुमच्या गुडघ्यापाशी ती अजून वाढून राह्यली, म्हणून तर फ्रॉक आखूड होतात!” सांध्यांतली काचेसारखी गुळगुळीत, मणक्यांमधली दोरखंडासारखी चिवट आणि कानातली लवचीक, दुमडून सोडली की सरळ होणारी, असे तीन प्रकार त्या सांगत. तिसऱ्या प्रकारासाठी मात्र फळ्यावर चित्र काढून मोकळ्या होत.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. सासूबाईंनी हौसेनं माझ्या रेखाचा कान वरच्या कडेला, बुगडीसाठी, सोनाराकडून टोचून आणला. कान सुजला, लालबुंद झाला. सासूबाई हळद घातलेलं गरम तेल लावत होत्या. पाळीचं भोक तसंच बरं झालं होतं, म्हणून मीही स्वस्थ होते. रविवारी कमलबाई वांगी न्यायला आल्या आणि रेखाला पाहून दारातच थांबल्या.

“सुमनबाई, आत्ताच्या गाडीनं अकोल्याले न्या इले.”

सासूबाई उसळल्या. “कान टोचला बाई, पाय नाई तुटला! माहे दोनी कान टोचले, मी मेली काय?”

“आजी, पाळीत कूर्चा नसते, ते भरून येते. वर कूर्चा आहे. तिच्यात रक्ताच्या नळ्या नाईत, वरच्या पातळ पडद्यातून ती पोसते. पू त्या पडद्याखाली साचला का पडदा सुटते, अन् ती उपाशी मरते.”

“शाळेतलं शाळेत सांग, माय.”

कमलबाईंनी पदर मागे टाकला. डावा कान वाळल्या कारल्यासारखा चुरगळून गेला होता.

“सात वर्साची होती मी. बुगडीच टोचली होती. माह्या मायनं बी तेलच लावलं.”

सासूबाईंनी तो कान पाहिला, मग रेखाचा. आणि माझ्यावरच ओरडल्या, “काहून उभी हायस? गाडी जाईन ना!”

अकोल्याच्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, इंजेक्शनं दिली. कान राहिला. कडेला एक लहानशी खोच आहे, ती वेणीखाली जाते.

त्यानंतर कमलबाईंनी पदर खांद्यावर पिन लावून घ्यायला सुरुवात केली. वर्गात मुली फिसकन् हसल्या. “हसून झालं? आता जवळ या अन् नीट पाहा,” त्या म्हणाल्या, आणि तिसरा प्रकार त्या वर्षीपासून फळ्याशिवाय शिकवला गेला.

केनवडला पोचलो तेव्हा त्यांना अंघोळ घालून पांढरं लुगडं नेसवलं होतं. त्यांच्या वहिनी डाव्या कानावरून पदर ओढत होत्या. “लोकं येऊन राह्यले. झाकलेलं बरं,” त्या मायेनंच म्हणाल्या. रेखा आता नववीत आहे. ती खाली वाकली आणि तिनं तो पदर हलकेच कानामागे सारला. वहिनी माझ्याकडे पाहू लागल्या.

“राहू द्या,” मी म्हणाले. “तो कान त्यायनं झाकनं सोडलं होतं.”

वहिनींनी पदराला पुन्हा हात लावला नाही.